एकोणीस नंबरचा आवाज

माझी मावशी आंधळी होती. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण लोक असली गोष्ट शेवटाला राखून ठेवतात आणि मग ऐकणाऱ्याकडून हळहळ उकळतात. मावशीला हळहळीचा भारी तिटकारा. कुणी "अरेरे" म्हटलं की ती विचारायची, "काय सांडलं?"

अकराव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. माझी आई तिची थोरली बहीण. आईनं तिला सांभाळलं असं सगळे म्हणतात, पण आईनं तिला एक दिवसही सांभाळलं नाही. तिच्याशी कचाकचा भांडून तिच्याकडून प्रत्येक काम करून घेतलं, सुईत दोरा ओवण्यापासून स्टोव्ह पेटवण्यापर्यंत. म्हणून तर विसाव्या वर्षी मावशी ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आईला म्हणाली, "आता तू तुझ्या घरी भांड, मी माझ्या घरी भांडते." एकटी राहून ती कुणाशी भांडणार होती देव जाणे.

दुसऱ्या गावाला फोन लावायचा म्हणजे आधी एक्सचेंजला नंबर सांगून वाट बघत बसावं लागे, त्या काळातली ही नोकरी. इतर बायकांच्या बोर्डावर दिवे लागायचे. मावशीच्या बोर्डावर दिव्यांच्या जागी बारीक खिळ्या बसवल्या होत्या. कॉल आला की खिळी वर यायची आणि बोटाला लागायची. तिचा हात बोर्डावर असा फिरायचा की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायला घेऊन यायचे. पाहुणे मागे उभे राहून कुजबुजत. मावशी कानावरचा हेडफोन न काढता म्हणायची, "तिकीट लावा साहेब, निम्मे पैसे मला."

तिचे कान म्हणजे एक संकट होतं. मी लहानपणी खोटं बोललो की ती वाक्य पूर्ण होऊ द्यायची आणि मग शांतपणे म्हणायची, "आता खरं सांग." आवाजात काय बदलतं, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "आवाजात नाही रे. श्वास चुकीच्या जागी घेता तुम्ही लोक."

ऑपरेटर एकमेकींना नावं सांगत नसत. बोर्डाचा नंबर हेच नाव. मावशी सात नंबर. आणि एका दिवसाच्या प्रवासाइतक्या लांबच्या गावी, तिथल्या एक्सचेंजमध्ये, एकोणीस नंबर बसायची. लाइन जोडून झाली, गिऱ्हाईक बोलायला लागलं, की मधल्या मोकळ्या मिनिटांत ह्या दोघी बोलायच्या. एका वेळी दोन मिनिटं, फार तर तीन. असं तीस वर्षं चाललं. एकोणीस नंबरचं लग्न, तिचं बाळंतपण, तिच्या सासूचं आजारपण, नवऱ्याचं जाणं, सगळं मावशीला त्या दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत कळलं. आमच्या घरातलं सगळं तिकडे गेलं असणारच. मी बारावीला नापास झालो ते माझ्या काकांना कळायच्या आधी एकोणीस नंबरला कळलं होतं.

दोघी कधी भेटल्या नाहीत. दर वर्षी भेटायचं ठरायचं. कधी तिच्या मुलीची परीक्षा, कधी माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, कधी नुसताच आळस. आवाज रोज कानात असेल तर भेटायची घाई कुणाला असते?

निवृत्त झाल्यावर त्यांनी गुरुवार ठरवला. दर गुरुवारी चार वाजता फोन. त्या वेळी मावशीकडे गेलेल्या माणसाला पाणीसुद्धा मिळत नसे. मग एका गुरुवारी एकोणीस नंबरचा घसा बसलेला होता. पुढच्या गुरुवारीही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. नंतर एकदाच मावशीनं फोन लावला. पलीकडे फोन उचलला गेला, आणि बोलण्याऐवजी नखानं रिसीव्हरवर टकटक झाली. मावशी रडली. माझ्या आठवणीत ती त्याआधी कधी रडली नव्हती. आठ दिवसांनी पत्र आलं: "पुन्हा फोन करू नकोस. तुझं रडणं ऐकायचं आणि गप्प बसायचं, हे मला झेपत नाही. शपथ आहे तुला."

आता पत्र आलं म्हणजे ते कुणीतरी वाचून दाखवायला हवं. शेजारच्या बाईंनी वाचलं. बाईंनी ते वाण्याची यादी वाचावी तसं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या प्रत्येक घरात मावशीच्या मैत्रिणीच्या घशाची चौकशी चालू होती. मावशीनं मला बोलावून घेतलं. "तू कॉम्प्युटरमधला ना? मला माझी पत्रं माझी मला वाचता येतील असं काहीतरी कर."

मी कॉम्प्युटरमधला, म्हणजे एका विमा कंपनीच्या कचेरीत लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतो. अर्धं आयुष्य लोकांना "एकदा बंद करून चालू करा" असं सांगण्यात गेलं आहे. कचेरीतून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मी मावशीकडे आणला. त्यावर विंडोजची त्या काळची आवृत्ती होती. अंधांच्या एका संस्थेनं बोलणारा प्रोग्राम दिला. कळ दाबली की तो अक्षर बोलायचा, पत्र उघडलं की वाचून दाखवायचा. त्यातला बाईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. ही बाई स्वल्पविरामावर थांबायची नाही आणि "ळ" आला की अडखळायची.

मावशी सहा आठवड्यांत टायपिंग शिकली. मॉनिटरची वायर तिनं काढूनच टाकली. "बघणारं कुणी नाही, वीज कशाला जाळायची?" त्याच्यावर ती ओला रुमाल वाळत घालायची. एकोणीस नंबरच्या मुलीनं तिच्या आईला ई-मेल शिकवलं आणि गुरुवार संपून रोजचाच गुरुवार सुरू झाला.

एकदा संध्याकाळी मी जिना चढत होतो तर मावशीच्या खोलीतून खळखळून हसण्याचा आवाज. मला वाटलं, पाहुणे आहेत. आत मावशी एकटी, एकच पत्र तिसऱ्यांदा ऐकत होती. मी म्हटलं, "मावशी, ह्या टिनपाट बाईला काढून दुसरी चांगली बसवू का? आता नवनवीन आवाज मिळतात."

"तिला टिनपाट म्हणू नकोस."

"अगं, मशीन आहे ते."

"तुझ्यासाठी." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे तोंड न करता, ती म्हणाली, "पहिले काही महिने मला खोटं खोटं वाटायचं. तिची वाक्यं आणि हिचा आवाज. आता तिचा जुना आवाज आठवायला बसले तरी हाच ऐकू येतो. तिचा आवाज गेला ना, मग हाच तिचा."

मी "हं" म्हटलं. ऐकलं आणि विसरलो. मला दोन्ही एकाच वेळी जमतं.

अशी सात वर्षं गेली.

मग पेन्शनचं पान उघडेना. बँकेनं कळवलं, तुमची यंत्रणा फार जुनी झाली आहे. पाठोपाठ मेलवाल्यांचीही सूचना आली की महिनाअखेरीनंतर ह्या जुन्या यंत्रणेवर मेल उघडणार नाही. मावशीचा फोन आला. पेन्शनचं तिनं शेवटी सांगितलं. आधी म्हणाली, "अरे, तिची पत्रं बंद होणार म्हणतायत."

म्हणजे बदल करणं भागच होतं. उगाच आत्ता मागे वळून मी असं म्हणणार नाही की जुनं तसंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. जुनं तसंच ठेवता येत नव्हतं. नव्या विंडोजसाठी नवा कॉम्प्युटर घ्यावा लागला असता, त्या म्हाताऱ्या डब्यावर ती चढलीच नसती. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम. ती फुकट होती, जुन्या मशीनवर हलकी चालणारी होती, आणि मी तिचा भक्त होतो. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांत ही एक जात असते. कुणाच्या घरी गेलो की पाणी प्यायच्या आधी विचारतो, "तुम्ही कुठली सिस्टिम वापरता?" आणि उत्तर काहीही आलं तरी मान हलवून चुकचुकतो.

मी कागदावर रकाने आखले. नवी विंडोज, लिनक्स, जुनीच पण इंटरनेट तोडून. वेग, सुरक्षा, खर्च, देखभाल, किती वर्षं टिकेल. सगळे मुद्दे लिहिले, गुण दिले. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "मावशींना विचारलंस का?"

"तिला ह्यातलं काय कळणार?"

"वापरणार त्या आहेत."

"अगं, तिला फरकसुद्धा कळणार नाही. डोळ्यांनी बघायचंय थोडंच?"

हे वाक्य मी बोललो. ते मी आजही कुणाला सांगत नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय.

तरी कर्तव्य म्हणून मावशीला फोन केला. सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आवाज तोच राहील ना?"

"त्याहून चांगला येईल," मी म्हणालो. मी तपासलं नव्हतं. जुना आवाज नव्या सिस्टिमवर चालतो की नाही हे बघायला मला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मला सुचली नाहीत, कारण आवाज हा माझ्या एकाही रकान्यात नव्हता.

पलीकडे मावशी जरा थांबली. माझा श्वास चुकीच्या जागी पडला असणार. पण ह्या वेळी ती "आता खरं सांग" असं म्हणाली नाही. ह्या विषयातलं मला जास्त कळतं असा तिचा समज होता.

शनिवारी गेलो. डिस्क पूर्ण पुसली. पत्रं इंटरनेटवर सुरक्षित होती, तिनं लिहिलेले कागद पेनड्राइव्हवर उतरवले. स्वच्छ पाटीवर नवी सिस्टिम चढवली, मॉनिटरची वायर जोडून, रुमाल बाजूला ठेवून. तिला कुणी फसवू नये म्हणून पासवर्ड टाकला. बोलणारा प्रोग्राम सुरू केला. नवा आवाज खरंच स्वच्छ होता, बँकेत फोन केल्यावर बोलते ना, त्या बाईसारखा. मग मावशीला खुर्चीवर बसवलं आणि एकोणीस नंबरचं नुकतंच आलेलं पत्र उघडलं.

मावशीनं ते पूर्ण ऐकलं. हात मांडीवर. पत्रात काहीतरी विनोद होता, मुलीनं केलेल्या करपलेल्या केकबद्दल. ती हसली नाही.

"ही चांगली बोलते," ती म्हणाली. मग, "ती जुनी कुठंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईनं शोधलं. तो आवाज बनवणारी कंपनी चार वर्षांपूर्वीच बंद पडली होती. जुनी डिस्क मी तासाभरापूर्वी माझ्याच हातानं पुसली होती. संस्थेला फोन केला, तिथल्या माणसानं सांगितलं की त्याची प्रत आता त्यांच्याकडेही नाही.

"मावशी, ती ह्यात चालत नाही."

"परत आणता येणार नाही?"

"बघतो. पण... सवय होईल तुला."

"होईल," मावशी म्हणाली. "त्या आवाजाचीही व्हावीच लागली होती." आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली. तिची पाठ माझ्याकडे होती. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण त्यातही कुठेतरी बरं वाटत होतं की चला, फार मनाला लावून घेतलं नाही. माझ्यासारखी माणसं अशीच वाचतात.

दोन तास शिकवलं. ती पटापट शिकली. मी निघालो तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. मॉनिटरची वायर काढून मी रुमाल पुन्हा वाळत घातला.

आता माझी चूक नीट सांगतो. नवी सिस्टिम सुरू झाली की आधी पासवर्डचा पडदा येतो. त्या पडद्यावर बोलणं वेगळं चालू करून द्यावं लागतं, एका जागी एक खूण करायची असते. मी ती केली नव्हती. मी सगळं तपासलं होतं, पण डोळे उघडे ठेवून. माझ्यासमोर चौकट दिसत होती, मी पासवर्ड टाकत होतो, पुढे जात होतो. ती चौकट मुकी आहे हे मला कळायचं काहीच कारण नव्हतं. एकदा, फक्त एकदा, मॉनिटर बंद करून मशीन सुरू करून बघितलं असतं तर पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं कॉम्प्युटर बंद केला. सोमवारी चालू केला. पंखा फिरला, आणि नंतर काही नाही.

तिनं मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. "अपडेट चालू असेल मावशी, हात लावू नकोस. होईल आपोआप." बुधवारी पुन्हा फोन. मी म्हणालो, "चालू ठेव आणि थांब. मी येतो रविवारी." त्या रविवारी कचेरीत सर्व्हर बदलायचे होते. पुढच्या रविवारी बायकोच्या भावाकडे कार्यक्रम. तिसरा फोन आला तेव्हा मी चिडलो. "मावशी, येतो म्हटलं ना! दर दोन दिवसांनी काय!"

त्यानंतर तिनं फोन केला नाही. मी येणार असं सांगितलं होतं, थांब असं सांगितलं होतं. ऑपरेटरला लाइन धरून ठेवा म्हटलं की ती धरून ठेवते, मध्ये तोंड घालत नाही. अडतीस वर्षांची ती सवय. रोज सकाळी ती मशीन चालू करायची, मुक्या चौकटीसमोर बसायची, दुपारी बंद करायची. हात लावायची नाही, कारण मी सांगितलं होतं. हे मला शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं. बाई एकदा डोकावल्याही होत्या, पण बघायला काही नव्हतंच, मॉनिटरवर रुमाल होता.

तिसऱ्या आठवड्यात मावशीनं शपथ मोडली. एकोणीस नंबरच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. दोन दिवस लावला, कुणी उचलला नाही.

मी गेलो तो सव्विसावा दिवस होता. दार तिनंच उघडलं. नेहमीसारखी टिंगल नाही, "आलास का, सूर्य कुठं उगवला" नाही. नुसती बाजूला झाली. मी वायर जोडली, रुमाल मागे सारला, मॉनिटर चालू केला, आणि पडद्यावर रिकामी चौकट. त्यात उभी रेघ उघडझाप करत होती. मला एका क्षणात सगळं समजलं.

"काय आहे?" मावशीनं विचारलं.

"पासवर्ड मागतोय."

"किती दिवस?"

मी पासवर्ड टाकला. मेल उघडलं. न वाचलेली पत्रं सात. सहा एकोणीस नंबरची. सातवं तिच्याच पत्त्यावरून आलेलं, पण विषयाच्या जागी तिच्या मुलीनं एकच ओळ लिहिली होती. ती ओळ मी वाचली आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

बोलणारा प्रोग्राम आपोआप सुरू झाला. त्या स्वच्छ, गोड आवाजानं पहिल्या पत्राचं पहिलं वाक्य म्हटलं आणि मावशीनं हात वर केला. "बंद कर तिला. तू वाच."

"मावशी, तुझी खाजगी..."

"वाच."

ज्या बाईनं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको म्हणून साठी ओलांडल्यावर टायपिंग शिकून घेतलं, तिनं ते मला वाचायला सांगितलं. मी वाचायला लागलो.

पहिलं पत्र नेहमीचं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की डॉक्टरांना पुन्हा काहीतरी दिसलंय, बारा तारखेला दुसरं ऑपरेशन, ह्या वेळी जरा मोठं. तिसऱ्यात: "ऐक, ह्या वेळी मी भेटायचं खरंच मनावर घेतलंय. बाराच्या आधी ये. भाच्याला सांग सोडायला. मला बोलता येणार नाही, पण तू बोल, मी ऐकते. एवढी वर्षं निम्मं निम्मं बोललो, आता सगळं तू बोल." चौथ्यात, मुलीनं खोली आवरून ठेवलीय, पायऱ्या किती आणि कठडा कुठल्या बाजूला, हे सगळं तिनं बारकाईनं लिहिलं होतं. अंगणापासून पलंगापर्यंत पावलं मोजून. आजारी बाईनं स्वतः चालत जाऊन ती मोजली होती.

पाचवं पत्र छोटं होतं. मी वाचलं, "तुझं उत्तर नाही. जमत नसेल तर तसं कळव, मला समजेल."

"मध्ये श्वास घेतलास," मावशी म्हणाली. "काय गाळलंस?"

"काही नाही."

"वाच."

मी वाचलं. "तुझं उत्तर नाही. रागावलीस का? माझं काही चुकलं असेल तर सांग, मनात ठेवू नकोस. जमत नसेल तर तसं कळव, मला समजेल."

मावशीचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. बोटं लाकडावरून हळूहळू सरकत होती.

सहावं अकरा तारखेचं, दुपारचं. त्यात एकच ओळ. "सात नंबर, लाइन चालू आहे का?"

मी थांबलो. मला पुढे जाववेना. मावशीनं मला वेळ दिला, आणि मग म्हणाली, "सातवं."

सातवं मी एकही शब्द न गाळता वाचलं. ऑपरेशन झालं होतं, दोन दिवस बरी होती, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. आज सहा दिवस झाले. मुलीनं लिहिलं होतं, "तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं. तुमचं आणि आईचं काही बिनसलं होतं का, मला माहीत नाही. शेवटपर्यंत ती लॅपटॉप उशाशी घेऊन होती. काही असेल तर आता सोडून द्या, एवढीच विनंती."

मग मी रडायला लागलो. लाज सोडून सांगतो, तिच्या आधी मी रडलो. मावशीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला, माझं मनगट सापडलं, ते धरलं. ती रडली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत तिनं वाट बघितली, आणि मग नाक पुसायला मॉनिटरवरचा रुमाल मला दिला.

"मावशी, माझ्यामुळे..."

"पोरीला उत्तर लिही," ती म्हणाली. "मी सांगते तसं."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"'तुझ्या आईची पत्रं मला आज मिळाली, सगळी एकदम. आमचं काही बिनसलं नव्हतं. मी तिच्यावर कधीच रागावले नव्हते. मी नक्की आले असते.' लिहिलंस?"

"हो."

"'माझा कॉम्प्युटर बिघडला होता.'"

माझे हात थांबले. "बिघडला नव्हता, मावशी. मी खरं काय ते लिहितो. माझं नाव घालून लिहितो. तिला कळू दे."

"काय कळू दे?"

"की तुझा भाचा..."

"तिची आई गेलीय," मावशी म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तिला अजून एका माणसावर राग धरायला लावू? मशीनवर धरू दे. मशीनला काय होतंय."

मी लिहिलं.

"आता वाचून दाखव."

मी पहिल्यापासून वाचलं. मावशी कान माझ्याकडे करून ऐकत होती. "बिघडला होता" ह्या शब्दांपाशी मी श्वास घेतला, मला तो आवरला नाही. तिनं तो ऐकला, मला पक्कं माहीत आहे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पाठव."